हलकं इंजिन बसवल्यावर पुढचं सस्पेन्शन कसं निवडायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूर, बार्शी, अक्कलकोट, मोहोळ या पट्ट्यात जुन्या डिझेल जीप, अ‍ॅम्बेसेडर आणि पद्मिनी अजून बऱ्याच घरांच्या अंगणात उभ्या आहेत. थकलेलं डिझेल इंजिन उतरवून त्या जागी हलकं पेट्रोल इंजिन बसवण्याकडे सध्या अनेकांचा ओढा आहे. इंजिन, गिअरबॉक्स, माउंटिंग यांवर महिनोन्‌महिने चर्चा होते आणि सस्पेन्शनचा विचार गाडी रस्त्यावर उतरल्यावर सुरू होतो. तोवर खिसा रिकामा झालेला असतो, म्हणून हातात येईल ते बसवलं जातं. पुढची उत्तरं वाचून निदान स्प्रिंग कापायच्या आधी तरी थांबा, एवढीच कळकळीची विनंती.

इंजिन हलकं झालं तर गाडीला चांगलंच ना? सस्पेन्शनला हात का लावायचा?

चांगलंच आहे. पुढच्या टायरवरचा, किंगपिनवरचा (ज्या खिळीभोवती पुढचं चाक वळतं ती), बेअरिंगवरचा भार कमी होतो आणि स्टीअरिंग हलकं लागतं. पण पुढची स्प्रिंग जुन्या वजनाच्या हिशेबाने केलेली असते. वजन उतरलं की ती कमी दबते, गाडीचं नाक वर येतं आणि आता हलक्या झालेल्या नाकाला तीच स्प्रिंग जास्त कडक पडते. खड्ड्यात चाक खाली-वर होण्याऐवजी सगळी गाडीच उडते. ओल्या रस्त्यावर वळताना पुढची पकड कमी वाटते. म्हणजे इंजिन बदलून जे कमावलं, ते चाकापर्यंत पोहोचतच नाही.

वजनातला फरक अगदी थोडा असेल, समजा पुढच्या एक्सलवर २०-२५ किलो, तर काहीच बदलू नका. तेवढा फरक शेजारी माणूस बसला-उतरला तरी पडतो.

नाक नेमकं किती हलकं झालं हे कळायचं कसं?

वजनकाट्यावर जाऊन. या कामात यासारखा स्वस्त आणि उपयोगी खर्च दुसरा नाही, आणि लोक नेमका हाच टाळतात.

सोलापुरात काट्यांना तोटा नाही. हैदराबाद रोडला मार्केट यार्डाच्या आसपास कांद्याच्या ट्रकांसाठी आहेत, चिंचोळी आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीकडे आहेत, साखर कारखान्यांचे तर आहेतच. गाळप हंगामात कारखान्याच्या काट्याकडे फिरकू नका, उसाच्या ट्रॅक्टरांच्या रांगेत दिवस जाईल. इंजिन उतरवण्याआधी एकदा जा आणि नवीन बसल्यावर पुन्हा त्याच काट्यावर जा.

वजन करायची पद्धत अशी. टाकीत इंधन दोन्ही वेळेस सारखं ठेवा, शक्यतो पूर्ण भरलेली. रेडिएटरमध्ये पाणी, इंजिनात तेल, बॅटरी जागेवर, स्टेपनी जागेवर. आधी पूर्ण गाडीचं वजन घ्या. मग फक्त पुढची चाकं काट्यावर आणि मागची चाकं बाहेरच्या रस्त्यावर अशी गाडी उभी करा. गिअर न्यूट्रलला टाका आणि हँडब्रेक सोडा, म्हणजे गाडी ताणलेली राहत नाही. रस्ता आणि काटा एका पातळीत हवेत. हा आकडा पुढच्या एक्सलचा. मग उलट करून मागचा घ्या. दोन्हींची बेरीज पूर्ण वजनाशी जुळली पाहिजे. जुळली नाही तर कुठेतरी चढ-उतार आहे, पुन्हा करा.

मोठे काटे बहुधा ५ किंवा १० किलोच्या टप्प्याने वाचतात. ट्रकला ते चालतं, आपल्याला जरा ढोबळ पडतं. म्हणून दोन-तीन वेळा गाडी उतरवून चढवून सरासरी घ्या. काटेवाल्याला आधीच सांगून ठेवा की नुसतं पुढचं वजन पाहिजे. नाहीतर तो पावती फाडून मोकळा होतो आणि मागचा ट्रक हॉर्न वाजवायला लागतो.

इंजिन अजून बसलेलंच नाही. आधी अंदाज काढता येईल का?

येईल. जुनं आणि नवीन इंजिन (गिअरबॉक्स, क्लच, स्टार्टर, अल्टरनेटरसकट) भंगारवाल्याकडच्या प्लॅटफॉर्म काट्यावर तोला. फरक ८० किलो निघाला असं धरू. इंजिनाचा मध्य पुढच्या एक्सलच्या २०० मिमी मागे आहे आणि व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या एक्सलमधलं अंतर) २४०० मिमी आहे असं समजा. मग मागच्या एक्सलपासून इंजिनाच्या मध्याचं अंतर २२०० मिमी झालं. ८० ला २२०० ने गुणा, २४०० ने भागा: ७३ किलो. म्हणजे पुढचा एक्सल ७३ किलोंनी हलका होईल, उरलेले ७ किलो मागच्या एक्सलवरून उतरतील.

एकच सावधगिरी. हलकं इंजिन बऱ्याचदा लांबीलाही आखूड असतं आणि मिस्त्री ते फायरवॉलकडे (इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्याकडे) सरकवून बसवतात. तेव्हा जुन्याचा मध्य आणि नव्याचा मध्य वेगळे धरून दोनदा हिशेब करा.

गाडी पुढून वर आली आहे. मिस्त्री म्हणतात कॉइलचा एक वेढा कापू, बसेल खाली. कापावा का?

नाही. कापू नये, आणि कुणी ग्राइंडर हातात घेतला असेल तर त्याचा हात धरावा.

कारण नीट समजून घ्या. कॉइल स्प्रिंगचा कडकपणा तीन गोष्टींवर ठरतो: तारेची जाडी, वेटोळ्याचा व्यास आणि काम करणाऱ्या वेढ्यांची संख्या. वेढे जितके कमी, तितकी स्प्रिंग कडक. आठ वेढ्यांतला एक कापला की सात उरले. कडकपणा आठाला सातने भागून येईल तितका, म्हणजे सुमारे १४ टक्क्यांनी, वाढला. आपलं वजन कमी झालंय, आपल्याला स्प्रिंग मऊ हवी आहे आणि आपण ती आणखी कडक केली. गाडी दिसायला सरळ बसेल. विजापूर रोडच्या पहिल्याच स्पीडब्रेकरला मात्र दात वाजतील.

शिवाय कापलेलं टोक मूळ बैठकीत नीट बसत नाही. काही जण गॅसकटरने तापवून स्प्रिंग खाली दबवतात, ते तर त्याहून वाईट. स्प्रिंगच्या पोलादाला कारखान्यात पाणी दिलेलं असतं, तापवल्यावर ते उतरतं आणि तिथेच ती हळूहळू बसत जाते किंवा तुटते. घाटात वळणावर पुढची स्प्रिंग तुटली तर काय होतं, हे मी लिहायला नको.

हलक्या नाकाला आखूड स्प्रिंग लागत नाही, मऊ स्प्रिंग लागते. या पानावरची बाकीची सगळी उत्तरं या एका गोष्टीभोवती फिरतात.

मऊ म्हणजे किती मऊ?

वजन ज्या प्रमाणात घटलं, कडकपणा त्याच प्रमाणात घटवायचा. उदाहरण घेऊ. काट्यावर पुढचा एक्सल आधी ७०० किलो भरला. त्यातून चाकं, ब्रेक, एक्सल असं स्प्रिंगच्या खालचं वजन, समजा १०० किलो, वजा करा. उरले ६००, म्हणजे एका बाजूच्या स्प्रिंगवर ३०० किलो. नवीन इंजिनाने प्रत्येक बाजूचे ३६ किलो कमी झाले: २६४.

चाकाशी मोजलेला कडकपणा मिलिमीटरला २.५ किलो असेल तर आधी स्प्रिंग १२० मिमी दबलेली होती. आता ती १०५ ते १०६ मिमीच दबते. म्हणजे नाक १४-१५ मिमी वर आलं. आता २६४ ला ३०० ने भागा, ०.८८ आलं. २.५ ला ०.८८ ने गुणा, २.२ आलं. २.२ ची स्प्रिंग बसवली की ती २६४ किलोखाली पुन्हा बरोबर १२० मिमी दबते. मोकळी लांबी मूळ स्प्रिंगइतकीच ठेवली तर उंची आपोआप जागेवर येते. कापाकापी नाही, स्पेसर नाही.

गाडीची डोलण्याची गतीही तशीच राहते. स्थिर अवस्थेत १२० मिमी दबणारी गाडी सेकंदाला साधारण १.४४ वेळा डोलते. १०५ मिमीवर ती १.५३ होते. आकडा लहान दिसतो, पण मागची बाजू जुन्याच गतीने डोलत असते. पुढचं-मागचं जमेनासं झालं की लांबच्या प्रवासात मागे बसलेल्यांना मळमळतं.

माझ्या स्प्रिंगचा कडकपणा कुठेच लिहिलेला नाही. कसा मोजू?

सिमेंटच्या गोण्यांनी. गोणी ५० किलोची असते, वजनाची चिंता नको.

इंजिन उतरवलेलं असतं तो दिवस यासाठी सर्वांत चांगला, कारण इंजिनाची जागा मोकळी असते. चासीच्या दोन्ही दांड्यांवर, पुढच्या एक्सलच्या बरोबर वर, एक जाड फळी आडवी टाका. गाडी सपाट फरशीवर, हँडब्रेक सोडलेला. दोन्ही बाजूंना चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा आणि खडूने गाडीवरच लिहा. जमिनीपासून मोजू नका, टायरमधली हवा आकडा बिघडवते. मग दोन गोण्या फळीवर ठेवा, एक डावीकडे, एक उजवीकडे. गाडी चार हात पुढे-मागे ढकला, नाक दोनदा दाबून सोडा आणि पुन्हा मोजा. आणखी दोन गोण्या, पुन्हा मोजा. दोन गोण्यांना गाडी २० मिमी खाली बसली तर एका बाजूला ५० किलोला २० मिमी, म्हणजे मिलिमीटरला २.५ किलो.

ढकलून, दाबून मोजण्याला कारण आहे. कमानपाटे असतील तर पाट्यापाट्यांत घर्षण असतं, बुश (सांध्यांतल्या रबरी नळ्या) आखडलेले असतात. जागच्या जागी मोजलं तर गाडी खोटं सांगते. गोण्या उतरवतानाही आकडे घ्या. चढत्या आणि उतरत्या आकड्यांत मोठी तफावत आली तर पाटे गंजून एकमेकांना धरून बसलेत, हेही त्यातच कळतं.

जीपला पुढे कमानपाटे आहेत. एक पाटा काढला की झालं ना?

बऱ्याचदा होय. पण कुठला पाटा आणि किती, यातच सगळं आहे.

सारख्या जाडीचे सात पाटे असतील आणि एक काढला तर कडकपणा साधारण सातव्या हिश्शाने, १४ टक्क्यांनी, उतरतो. वरच्या उदाहरणात वजन १२ टक्के उतरलं होतं. म्हणजे एका पाट्याने हिशेब जवळजवळ जुळला. उरलेल्या प्रत्येक पाट्यावरचा ताणही पहिल्याइतकाच राहिला. म्हणूनच दोन पाटे काढायचा मोह आवरा. दोन काढले तर कडकपणा २८-२९ टक्क्यांनी उतरतो, वजन मात्र १२ टक्केच उतरलेलं असतं. राहिलेल्या पाट्यांवरचा ताण जवळपास एक चतुर्थांशाने वाढतो. शिवाय करकचून ब्रेक मारल्यावर एक्सल पाट्यांना पिळतो आणि कमी पाट्यांची कमान इंग्रजी एसच्या आकारात वाकते. सलग एक्सलच्या जीपला हे धोक्याचं आहे.

वरचा मुख्य पाटा, ज्याच्या टोकांना डोळे असतात, आणि त्याच्या खालचा दुसरा पाटा यांना कधीही हात लावू नका. मुख्य पाटा तुटला तर दुसराच एक्सलला जागेवर धरतो. काढायचा तो मधला. अगदी खालचा आखूड पाटा काढून फारसा फरक पडत नाही.

जाडीकडेही लक्ष ठेवा. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाने बदलतो. ७ मिमीच्या जागी ६ मिमीचा पाटा घातला तर त्या एका पाट्याचा कडकपणा ३७ टक्क्यांनी कमी होतो. कमानवाल्याकडे ‘साधारण तसाच’ म्हणून मिळणारा पाटा कॅलिपरने मोजूनच घ्या. पाट्याला भोक पाडणं किंवा वेल्डिंग करणं हा विषयच काढू नका.

चळत पातळ झाल्यावर सेंटर बोल्ट आणि यू-बोल्ट नवीन घ्या. जुने यू-बोल्ट ताणलेले असतात. नट एकेक पूर्ण आवळत जाऊ नका, समोरासमोरचे थोडे थोडे आवळा. आणि पाटे खोललेच आहेत तर गंज घासून, मध्ये ग्राफाइट ग्रीस लावूनच परत बांधा. कित्येक जीपा निव्वळ एवढ्यानेच मऊ होतात आणि पाटा काढायची गरजच उरत नाही.

नवीन कमान बांधून घ्यायची असेल तर?

स्प्रिंगचंच पोलाद हवं. ईएन ४५ किंवा ६५एसआय७ हे नेहमीचे दर्जे आहेत. जुन्या ट्रकचे पाटे कापून बांधलेली कमान घेऊ नका, ते आधीच थकलेले असतात.

अ‍ॅम्बेसेडरला टॉर्शन बार आहेत. बोल्ट फिरवून उंची खाली आणता येते. मग अडचण काय?

उंची येते, कडकपणा तसाच राहतो. टॉर्शन बार हा पिळला जाणारा पोलादी दांडा. त्याचा कडकपणा जाडीच्या चौथ्या घातावर आणि लांबीवर ठरतो. उंचीची जुळणी म्हणजे फक्त तो किती पिळलेल्या अवस्थेत सुरू होतो एवढंच. नाक सरळ झालं म्हणून काम झालं असं समजू नका.

तरीही अ‍ॅम्बेसेडरवाल्यांना माझा सल्ला आहे की आधी उंची जुळवा, चांगले शॉकअप बसवा आणि महिनाभर चालवा. १४८९ सीसीचं जुनं डिझेल उतरवून १.८ लिटर इसुझु बसवणारे बरेच आहेत, आणि कारखान्यानेच हे इंजिन या गाडीत दिलं होतं. अशा वेळी त्या आवृत्तीच्या गाडीतले पुढचे भाग शोधणं हा सगळ्यांत सरळ मार्ग. दांडा बदलायची वेळ आलीच तर डावा डावीकडे आणि उजवा उजवीकडेच घाला. वापरलेला दांडा एका दिशेने पिळायची सवय लागलेला असतो, उलटा घातला की तुटतो. दांड्यावर खोल ओरखडा किंवा गंजाचा खड्डा दिसला तर तो फेकून द्या. तडा तिथूनच जातो.

२०१० नंतरच्या डिझेल थार सीआरडीईलाही पुढे टॉर्शन बार आहेत. तिलाही हेच लागू.

पद्मिनीचं काय?

पद्मिनीला पुढे दोन विशबोन (चाक धरणारे, इंग्रजी व्हीच्या आकाराचे आडवे आर्म) आणि कॉइल आहे. १३७डी ही तिची डिझेल आवृत्ती, त्यात इटलीच्या एफएनएमचं इंजिन होतं. १३७डीमध्ये १०८९ सीसीचं मूळ पेट्रोल इंजिन परत बसवणाऱ्यांचं काम सोपं: पेट्रोल पद्मिनीच्या पुढच्या स्प्रिंग शोधा, गोण्यांनी मोजा, बसवा.

दुसरं कुठलं इंजिन बसवणार असाल तर एक गोष्ट ध्यानात घ्या. विशबोनवर स्प्रिंग चाकापाशी नसते, आत असते. ती आर्मच्या ६० टक्के अंतरावर बसली असेल तर चाकाला जाणवणारा कडकपणा ०.६ चा वर्ग, म्हणजे स्प्रिंगच्या ३६ टक्केच. मिलिमीटरला ७ किलोची स्प्रिंग चाकाशी २.५ चीच लागते. स्प्रिंगवाल्याशी बोलताना कुठला आकडा सांगताय ते स्पष्ट करा, नाहीतर भलतीच स्प्रिंग हातात पडेल. तसंच स्प्रिंगखाली १० मिमीची चकती घातली की चाकापाशी नाक १६-१७ मिमी वर जातं.

आणखी एक. कॉइलचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने बदलतो. १२ मिमीच्या तारेऐवजी ११.५ मिमीची घेतली तर स्प्रिंग १५-१६ टक्क्यांनी मऊ होते. अर्ध्या मिलिमीटरचा हा खेळ आहे, म्हणून रंग खरवडून मगच तार मोजा.

शॉकअप जुनेच चालतील का?

स्प्रिंग मऊ केली आणि वजनही उतरलं, तर डोलणं आवरायला शॉकअपचा जोरही त्याच प्रमाणात, आपल्या उदाहरणात सुमारे १२ टक्क्यांनी, कमी लागतो. जड डिझेलसाठीचा नवा कडक शॉकअप अशा नाकावर ठोकर देतो. पण खरं सांगायचं तर अंगणातल्या बहुतेक गाड्यांचे शॉकअप कधीच संपलेले असतात, त्यामुळे हा प्रश्न येतच नाही. नवीन घ्या, हलक्या आवृत्तीचे घ्या.

लांबी मात्र तपासा. गाडी जॅकवर घेऊन चाक पूर्ण लोंबू द्या. शॉकअप ताणून पूर्ण संपत असेल तर तो आखूड आहे. नाक वर आलेल्या गाडीत हे हमखास घडतं आणि काही महिन्यांत शॉकअपचा डोळा तुटतो. मग जॅक उतरवून चाक बंप स्टॉपला (चाकाची वरची हालचाल थांबवणाऱ्या रबरी ठोकळ्याला) टेकेपर्यंत दाबा. तिथे शॉकअप आत पूर्ण बसला तर तो लांब आहे.

गॅसचे घ्यावेत की तेलाचे?

दोन्ही चालतात. गॅसचा शॉकअप स्वतःच गाडीला थोडं वर उचलतो, म्हणून आधी शॉकअप बसवा आणि नंतरच उंची मोजा.

बुश रबराचे की पॉलियुरेथेनचे?

घरच्या गाडीला रबर. आवाज कमी, धक्का कमी. सोलापुरात मे महिन्यात पारा ४२-४४ वर असतो, उन्हात उभ्या गाडीचं रबर चिरतं हे खरं, पण चांगलं रबर त्यातही वर्षानुवर्षं टिकतं. पॉलियुरेथेन कडक असतं, ग्रीस मागतं आणि कोरडं पडलं की कुरकुरतं.

रबरी बुशच्या बाबतीत एक चूक जवळजवळ प्रत्येक गॅरेजात पाहायला मिळते. गाडी स्टँडवर, चाकं लोंबती आणि मिस्त्री सगळे बोल्ट करकचून आवळतो. बुशची आतली नळी त्या लोंबत्या अवस्थेतच पकडली जाते. गाडी खाली उतरवली की रबर कायमचं पिळलेलं राहतं. नाक वर राहतं, सस्पेन्शन कडक लागतं, सहा महिन्यांत बुश फाटतात, आणि दोष स्प्रिंगला लागतो. म्हणून बोल्ट हाताने लावा, गाडी चाकांवर उतरवा, दहा-वीस फूट पुढे-मागे ढकला आणि मग खाली झोपून आवळा. कपडे मळतील, पण बुश टिकतील.

बंप स्टॉप बदलायचे का?

फुटलेले असतील तर हो. स्प्रिंग मऊ झाल्यावर खड्ड्यात चाक जास्त वर येतं, म्हणून हा रबरी ठोकळा शाबूत हवाच.

अँटीरोल बार काढून टाकला तर गाडी आणखी मऊ होईल, असं ऐकलं.

काढू नका. स्प्रिंग मऊ केल्यावर वळणावर गाडी झुकते, तिला सावरायला हा बार आहे. त्याच्या लिंक आणि रबरं नवीन घाला.

अलाइनमेंट केव्हा करायची?

सगळ्यांत शेवटी. नाक १४ मिमी वर असताना केलेली अलाइनमेंट नाक खाली आल्यावर चुकते, कारण उंचीबरोबर टाय रॉडचा (चाकं वळवणाऱ्या दांड्याचा) कोन आणि त्याबरोबर टो (वरून पाहिल्यावर चाकं आत-बाहेर वळलेली असणं) बदलतो. नाक वर आल्याने कास्टरही (चाक वळण्याच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन) वाढतो, २४०० मिमी व्हीलबेसवर १४ मिमीला साधारण एक तृतीयांश अंश. जीपमध्ये कास्टर सुधारायला पाटे आणि एक्सलची बैठक यांच्यात पाचर घालतात. पाचर पोलादाची किंवा बिडाची घ्या. अ‍ॅल्युमिनियमची दबून पातळ होते आणि यू-बोल्ट सैल पडतात.

इंजिन बदलल्यापासून साठच्या वर स्टीअरिंग थरथरतं.

आधी किंगपिनची बेअरिंग, टाय रॉड एंड, ड्रॅग लिंक आणि शॅकलचे बुश पाहा. चाक जॅकवर घेऊन वर-खाली धरून हलवा, मग डावी-उजवीकडून. ढिलाई असेल तर ती आधी काढा. स्टीअरिंग डॅम्पर लावून थरथर लपवू नका. ती जाते असं वाटतं आणि एखाद्या खड्ड्यात अचानक परत येते.

ब्रेकवर काही परिणाम होतो का?

होतो. पुढे भार कमी म्हणजे ओल्या रस्त्यावर पुढची चाकं लवकर लॉक होतात. मोकळ्या जागेत, कमी वेगात तपासून पाहा. आणि डिझेल इंजिनावरचा व्हॅक्यूम पंप गेला असेल तर ब्रेक बूस्टरला (पेडल हलकं करणाऱ्या डब्याला) पेट्रोल इंजिनाच्या मॅनिफोल्डवरून व्हॅक्यूम नीट मिळतोय का ते पाहा. बूस्टर उपाशी राहिला तर पेडल दगडासारखं होतं.

विंच आणि लोखंडी बंपर लावणार आहे. आता मोजू का?

नंतर मोजा. विंच, एसी, मोठी बॅटरी यांतलं जे एक्सलच्या पुढे येतं, ते स्वतःच्या वजनापेक्षा जास्त भार टाकतं. हलक्या इंजिनाने वाचवलेलं वजन तिथेच परत जाऊ शकतं, मग मूळ स्प्रिंगच बरोबर ठरते. रेडिएटर मात्र वजन वाचवायला लहान करू नका, इथल्या उन्हाळ्यात ते परवडत नाही. आणि बुलबारवर (बंपरपुढच्या लोखंडी कठड्यावर) केंद्र सरकारने २०१७ मध्येच कारवाईचे आदेश दिले आहेत, तो लावूच नका.

आरटीओचं काय?

इंजिन बदलणं आणि डिझेलचं पेट्रोल करणं हा मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ खाली येणारा बदल आहे. आधी लेखी परवानगी, मग काम, आणि बदल झाल्यावर १४ दिवसांत आरसी बुकात नोंद. इंजिनाचं बिल जपून ठेवा, इंजिन नंबर त्यावर स्पष्ट हवा. विमा कंपनीलाही कळवा. एमएच-१३ च्या पंधरा वर्षांवरच्या गाडीची फेरनोंदणी जवळ आली असेल तर तपासणीत नंबर जुळला नाही की गाडी तिथेच अडते.

पैसे थोडेच आहेत. कशापासून सुरुवात करू?

काट्याची पावती. मग बुश, किंगपिन, टाय रॉड एंड अशा झिजलेल्या गोष्टी, कारण ढिल्या सांध्यांवर नवीन स्प्रिंगची पारख होत नाही. मग शॉकअप. स्प्रिंग सगळ्यांत शेवटी, आणि तीही मोजून फरक दिसला तरच. दोन्ही बाजूंच्या जोडीनेच बदला.

सगळं बसवून झालं. गाडी कुठे चालवून पाहू?

तुळजापूर रोड चांगला आहे. महामार्गाचा सपाट पट्टा, शेवटी घाटाची वळणं, दोन्ही मिळतं. आधी एकट्याने जा, मग चौघांना बसवून. त्यानंतर एखाद्या काळ्या मातीवरून गेलेल्या गावाकडच्या रस्त्यावर घाला. ती माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचा डांबरी रस्ता लाटांसारखा होतो. त्या लाटांवर तीसच्या वेगाने जाताना पुढचं नाक एका डोलीत थांबलं पाहिजे. दोन-तीनदा डोलत राहिलं तर शॉकअप कमी पडतोय. डोललंच नाही आणि नुसती आपटत राहिली तर स्प्रिंग अजून कडक आहे किंवा बुश पिळलेत.

पाचशे किलोमीटरनंतर यू-बोल्टचे नट पुन्हा आवळा, चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंतचं अंतर पुन्हा मोजा. नवीन पाटे आणि कॉइल तोवर काही मिलिमीटर बसलेले असतात. दोन्ही बाजूंत ५-६ मिमीपेक्षा जास्त फरक दिसला तर स्प्रिंगची अदलाबदल करून पाहा. फरक स्प्रिंगबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर स्प्रिंग सदोष आहे, जागेवरच राहिला तर चासी किंवा बैठक तपासा. टॉर्शन बारच्या गाडीत अशी अदलाबदल करू नका, तिथे जुळणीच्या बोल्टनेच दोन्ही बाजू सारख्या करा. हे मिटल्यावर अलाइनमेंट करून घ्या.